हाजी अलीच्या खडकांवरची गोगलगाय

कराडहून मुंबईला गेलेलं कुटुंब हाजी अलीला जाऊन आल्याशिवाय सहसा परतत नाही. समुद्रातल्या वाटेने चालत जायचं, जियारत करायची आणि भरतीचं पाणी चढण्याआधी मागे फिरायचं. वाटेलगत उघडे पडलेले काळे खडक मात्र फारसं कुणी पाहत नाही.

या खडकांच्या खळग्यांत ओहोटीनंतरही पाणी साचून राहतं. त्या वीतभर पाण्यात खेकडे असतात, कोळंबी असते आणि नशीब असेल तर समुद्री गोगलगायही दिसते. आपल्या कृष्णाकाठच्या शेतात पावसाळ्यात निघणाऱ्या शंखी गोगलगायीची ही नातेवाईक, पण पाठीवर शंख नाही. काही जाती नखाएवढ्या, काही बोटभर. रंग मात्र ईदच्या बाजारातल्या बांगड्यांसारखे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण हिला अगदी चपखल बसते. काही जाती डंख मारणारे बारीक समुद्री जीव खातात, पण त्यांच्या डंखाच्या पेशी पचवत नाहीत. त्या पाठीवरच्या शिंगांसारख्या भागात साठवून स्वतःच्या बचावाला वापरतात. शंख टाकला आणि उसनं हत्यार घेतलं!

हिच्याच गोतावळ्यातला समुद्री ससा. डोक्यावर दोन कान उभारल्यासारखे दिसतात; अरबीतही त्याला अर्नब बहरी, म्हणजे समुद्राचा ससाच म्हणतात. डिवचलं की जांभळी शाई सोडतो. शिक्षक म्हणून मला त्याचं वेगळंच अप्रूप. एरिक कँडेल यांनी या जिवावर प्रयोग करून शिकलेली गोष्ट मज्जापेशींत कशी टिकते ते दाखवलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या वर्गातल्या पाढ्यांचं गुपित या लिबलिबीत जिवाकडून कळलं म्हणायचं.

किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये इथल्या काही प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. गोगलगायीचं तसं कसं करणार? तिचं खाणं खडकावर, फितीसारखी अंडीही खडकालाच चिकटवलेली, आणि बहुतेक जातींचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. एका पायाखाली अंड्यांची अख्खी फीत चिरडते.

पाहायचं असेल तर चांद्र तारीख बघून जा. महिन्याचे पहिले दोन-तीन दिवस आणि चौदावीनंतरचे दोन-तीन दिवस ओहोटी खूप खोल जाते, मुंबईत साधारण सकाळ-संध्याकाळी सहा-सातला. दगड उलटला तर होता तसा ठेवा, शाई पाहायला सशाला डिवचू नका. शेवाळावर पाय घसरतो, मुलांचा हात धरा. पाणी वळलं की लगेच वाटेवर या.