दारावरचा बोरघाट

कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटर. त्याला ८७ ने भागलं की साधारण ३२२ मीटर येतात. हा भागाकार मी सेकंड इयरच्या सुट्टीत केला आणि मग आमच्या घराकडे केविलवाण्या नजरेने बघितलं. सोफा हलवला तरी हॉल फार तर साडेपाच मीटर! आणि ही झाली नुसती लांबी. घाट म्हटला की उंची आलीच. खरा बोरघाट साडेपाचशे मीटरच्या आसपास चढतो, म्हणजे मॉडेलमध्ये सव्वासहा मीटर. थोडक्यात, खालच्यांच्या हॉलमधून गाडी सोडायची आणि आमची स्लॅब फोडून वरच्या काकूंच्या देवघरात बाहेर काढायची. काकू तशा चांगल्या आहेत, पण तरी...

८७ हा आकडा कुठून आला? मॉडेल रेल्वेच्या जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे 'एचओ', प्रमाण १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून काढलंय. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याचे खरं तर १९.३ मिलिमीटर व्हायला हवेत. म्हणून एचओ रुळांवरचं भारतीय इंजिन नेहमी जरा पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. एकदा हे कळलं की तेच दिसत राहतं. पुण्यात जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ साली सुरू झालेलं. ते मी शाळेत असताना पाहिलं आणि तेव्हापासून हा किडा डोक्यात होता.

सेट मावशीने अमेरिकेहून आणला. एक डिझेल इंजिन, तीन वाघिणी, शेवटी एक लाल 'कबूस' म्हणजे गार्डचा डबा, आणि १८ इंची त्रिज्येचे रूळ. पाया म्हणून मिळालं बेडरूमचं जुनं फ्लश डोअर. पावसाळ्यात फुगलं म्हणून आईने बदललं होतं. साडेसहा फूट बाय अडीच फूट. आता गंमत बघा. १८ इंच त्रिज्येचा पूर्ण वळसा घ्यायला किमान तीन फूट रुंदी लागते. दार अडीच फुटी. म्हणजे बॉक्सवर छापलेला तो गोल ट्रॅक आमच्याकडे होणारच नव्हता!

दार ठेवायला जागा एकच, आजोबांची खोली. आजी गेल्यावर आजोबा आमच्याकडे राहायला आले. ते रेल्वेत गार्ड होते, कल्याणहून घाटात मालगाड्या घेऊन जायचे. आमच्याकडे आल्यापासून दोन वर्षं त्यांचं बोलणं म्हणजे पेपर, बीपीची गोळी आणि "जेवलीस का?" एवढंच. त्यांना विचारायला गेले तर म्हणाले, "ठेव." बस.

तीन दिवस त्यांनी माझी आदळआपट बघितली. चौथ्या दिवशी खाटेवरूनच म्हणाले, "वळायला जागा नाही ना? मग वळू नकोस. रिव्हर्सिंग कर."

मला वाटलं ते नुसतंच बोलतायत. पण हे खरंच होतं! १८६३ मध्ये बोरघाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. समोर दरी, वळण घ्यायला जागा नाही. मग गाडी एका दिशेने चढायची, थांबायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. इंग्रजीतला 'झेड' काढल्यासारखी. १९२९ पर्यंत हे चाललं. (या घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन लगेचच वारला आणि ते कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे चालवलं. हजारो मजूर कॉलऱ्याने आणि तापाने गेले ते मात्र बिननावाचेच राहिले. आपल्या सिव्हिलच्या लेक्चरला यातलं काहीच का सांगत नाहीत?)

तर ठरलं. खालचं कर्जत माझ्या अभ्यासाच्या टेबलावर, तिथून दारावर पहिला चढ, दाराच्या टोकाला रिव्हर्सिंग, मग परत दुसरा चढ. खऱ्या घाटासारखा १:३७. दोन्ही चढांना मिळून अडीच मीटर लांबी मिळाली, म्हणजे उंची सात सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी. ८७ ने गुणा. आमचं खंडाळा आमच्या कर्जतपेक्षा जेमतेम सहा मीटर उंच आहे! बाबा म्हणाले, "छान. आता टेबल कधी रिकामं होणार?"

डोंगर थर्माकोलचे, त्यावर फेविकॉलमध्ये बुडवलेले पेपरचे तुकडे. माती म्हणजे वाळवलेली चहाची पावडर, गवत म्हणजे हिरवा रंगवलेला भुसा. खडी म्हणून चाळलेली वाळू. ती चिकटवताना पातळ फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, नाहीतर सरफेस टेन्शनमुळे फेविकॉल वाळूवर गोळ्या होऊन बसतो. फिजिक्सचा एवढा उपयोग मला अजून परीक्षेत झालेला नाही.

भाषेचा घोळ वेगळाच. मी 'टर्नआउट' म्हणायचे, आजोबा 'सांधा'. मी 'डाऊन' म्हणजे घाट उतरणारी समजायचे. आजोबा हसून हसून खोकले. मुंबईकडे येणारी ती 'अप', मुंबईपासून जाणारी ती 'डाऊन'. म्हणजे घाट चढते ती डाऊन आणि उतरते ती अप! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. २०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, हे मी सांगितल्यावर मात्र ते हसले नाहीत. "मॅनेजर कसला, शेवटचा माणूस," एवढंच म्हणाले.

बोगदे कुठे, दरी कुठल्या बाजूला, हे मी त्यांना विचारायला लागले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यांचं डावं-उजवं माझ्या नकाशाशी जुळतच नव्हतं. दोनदा डोंगर उखडले. शेवटी तेच म्हणाले, "अगं, मी घाट पुढून कधी बघितलेलाच नाही. ब्रेकव्हॅन शेवटी. मला सगळं मागे जाताना दिसायचं. आणि चढताना तर तेही नाही, व्हॅनच्या मागे ढकलायला बँकर. समोर इंजिनाचं तोंड नि आवाज. घाट दिसला तो फक्त उतरताना. लांब जाताना."

तीस वर्षांची नोकरी. मग आम्ही पद्धत बदलली. आजोबा स्टुलावर बसायचे, डोळे कबूसच्या उंचीला, आणि मी गाडी हळूहळू त्यांच्यापासून लांब न नेता त्यांनाच उलट बसवून दृश्य मागे सरकवायचे, म्हणजे स्टूलच ओढायचे! असा आमचा घाट मागून पुढे बांधला गेला. नंतर सॅटेलाइट नकाशा उघडून ताडून पाहिलं. दोन ठिकाणी आजोबा बरोबर निघाले, एका ठिकाणी नकाशा. तिथे आम्ही आजोबांचंच ठेवलंय.

भांडण झालं ते कॅच सायडिंगवरून. मॉडेलच्या इंजिनात वर्म गिअर असतो, करंट बंद केला की चाकं लॉक. वाघिणींना मात्र ब्रेक नाही. चढावर कपलिंग सुटलं की त्या सरळ कर्जत ओलांडून टेबलावरून फरशीवर. खऱ्या घाटात उतारावर सांधा मुळात चढाच्या आंधळ्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे हे दिसलं, की मगच मेन लाइन मिळते. आजोबांचं म्हणणं, ते आधी, बाकी सगळं नंतर. त्याला दोन फूट जागा हवी, आणि तेवढ्याच जागेत माझं खंडाळा, प्लॅटफॉर्म आणि चिक्कीचं दुकान. मी दुकानाची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. मी म्हटलं, "आजोबा, खेळण्यातली गाडी आहे." ते म्हणाले, "शेवटच्या डब्यात कोण बसलंय ते बघ आधी."

चिक्कीचं दुकान आता बॉक्समध्ये आहे.

मार्चमध्ये आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आहे. तीन वर्षं भाड्याच्या वन-बीएचकेत आम्ही, आणि आजोबा नाशिकला काकांकडे. साडेसहा फुटी दार दोन्हीकडे मावत नाही. सुताराला विचारलं. तो म्हणाला, मधोमध कापता येईल, पण फ्लश डोअर आतून पोकळ, कापलेल्या कडांना पट्ट्या भराव्या लागतील. अर्धं नाशिकला, अर्धं माझ्याकडे. आजोबांनी पेन्सिलने कापायची रेघ स्वतः मारून दिली आहे. कॅच सायडिंगच्या सांध्यापासून चांगली चार बोटं लांब. सांध्याला सुताराने हात लावायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलंय.