गळ केव्हां टाकूं नये

ब्राह्मणाच्या घरांत गळाची काठी कोठें ठेवावी, हा प्रश्न आमच्या येथें अद्याप सुटलेला नाहीं. देवघर, स्वयंपाकघर व माजघर यांतून ती पहिल्या दिवशींच हद्दपार झाली. पडवींत ठेवावी तर वाळत घातलेल्या सोंवळ्यास तिचा स्पर्श होईल, अशी हरकत निघाली. तेव्हांपासून ती परसांतील पेरूच्या झाडाला टेकून उभी असते, आणि आल्यागेल्याला झाडास दिलेला टेकूच वाटते. मी स्वतः मासा खात नाहीं. आमच्या माहितीच्या पिढ्यांत कोणीं खाल्लाहि नाहीं. मग सेवानिवृत्तीनंतर पोथी किंवा पत्ते हातीं न घेतां या मास्तरानें गळ कां घेतला, असें आप्तमंडळी विचारतात. सांपडलेला मासा भोयाच्या घरीं जातो, एवढें सांगून मी सुटका करून घेतों. परंतु त्यानें दोषहि त्याच्या घरीं जातो असें मी मानीत नाहीं. मनूनें मारणारा, अनुमति देणारा, विकणारा, शिजविणारा आणि खाणारा या सर्वांस एकाच माळेंत ओवलेलें आहे. माझा मणि त्या माळेंत आहे, हें मला ठाऊक आहे.

घरांतलें वादळ थोडें शमलें तें सोमेश्वराच्या नांवानें. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ रचिला. त्याच्या शंभर प्रकरणांत राज्यकारभार, पाककला, संगीत, हत्ती, घोडे, काय म्हणून नाहीं! त्यांतच ‘मत्स्यविनोद’ आहे. समुद्रांतले मासे कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणास कसलें खाद्य रुचतें, दोर, काठी व गळ कसे असावेत, हें सर्व राजानें हौसेनें सांगितलें आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर लेख लिहून तें आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस आणिलें. संस्कृतांत असल्यामुळें गोष्ट निर्दोष ठरते असें नाहीं; पण आमच्या घरांतून निदान ‘हें कोठून शिकलांत?’ हा प्रश्न थांबला.

खरें पाहतां मी शिकलों तें सोमेश्वराकडून नव्हे. आमचें गांव कृष्णेच्या कांठीं, सांगलीच्या वरच्या अंगास, औदुंबरापासून फार दूर नाहीं. येथील एका वृद्ध भोयांची दोन मुलें माझ्या वर्गांत होतीं. जून महिन्यांत शाळा उघडावी आणि पहिला मोठा पाऊस पडतांच हीं मुलें नाहींशीं व्हावीं, हा दरवर्षींचा क्रम. एकदां त्यांना धरून आणावें म्हणून मी ओढ्यापर्यंत गेलों, तों चिखलांत उभे राहून मुलांच्या मागोमाग मीहि पाण्याकडे पाहूं लागलों. त्या दिवसापासूनची ही ओळख. त्यांना मी भोईबाबा म्हणतों. ते मला मास्तर म्हणतात.

सोमेश्वराची जी युक्ति भोईबाबांनाहि ठाऊक आहे ती चारा घालण्याची. गळ टाकण्यापूर्वीं कांहीं दिवस ठराविक जागीं, ठराविक वेळीं पेंड व पिठाचे गोळे टाकावे, म्हणजे मासा जागा व वेळ दोन्ही शिकतो. आतां गंमत अशी कीं, देवाच्या घाटावर येणारे यात्रेकरू पुण्य म्हणून हेंच करितात. तीच कणीक, तोच गोळा. घाटावर तें अन्नदान आणि शंभर पावलांवर आमिष. माशाला दोहोंतला भेद कळण्याची सोय नाहीं. म्हणून घाटाच्या हांकेच्या टप्प्यांत गळ टाकावयाचा नाहीं, हा भोईबाबांचा पहिला नियम. ‘देवाच्या भरवशावर आल्यालं हाईत ते,’ असें ते म्हणतात.

ज्यांना हा छंद आहे, किंवा ज्यांच्या घरांतील मुलांना तो लागला आहे, त्यांच्यासाठीं दोनचार गोष्टी सांगतों. नदीकांठीं बोललें तर मासे पळतात हा समज फारसा खरा नाहीं. हवेंतला आवाज पाण्याच्या पृष्ठावरूनच बहुतेक परततो. पळवितो तो पायांचा दणका. जमिनीचा कंप पाण्यांत उतरतो, आणि माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी जी बारीक रेघ दिसते तिनें तो त्यास कळतो. तेव्हां मांजराच्या पावलानें जावें व एकदां बसलें कीं उठूं नये. सावली पाण्यावर पडूं देऊं नये. सकाळीं बसावयाचें तर सूर्य समोर घ्यावा, डोळ्यांस त्रास झाला तरी. उन्हाळ्यांत पहांट व दिवेलागण, थंडींत मात्र पाणी जरा तापल्यावर दुपार. तंगूस शक्य तितका बारीक, शिसें शक्य तितकें हलकें. बुचाचा तुकडा नुसता थरथरला तर चिंगळ्या आमिष कुरतडीत आहेत असें समजून स्वस्थ राहावें. तो तिरका होऊन एका बाजूस सरकूं लागला म्हणजे काठी उचलावी. रोहू व कटला हे मूळचे उत्तरेकडचे, आतां आमच्या पाण्यांतहि रुळलेले. त्यांना भुईमुगाची पेंड मळलेली कणीक. शिंगाळ्याला तळाशीं गांडूळ. शिंगाळा हातीं लागल्यावर घाई नको. त्याच्या पाठीवरचा व दोन्ही कल्ल्यांमागचा कांटा असे तिन्ही कांटे ताठ उभे राहतात, आणि ते रुतले म्हणजे हात दिवसभर ठणकतो. ओल्या फडक्यानें धरावा.

माशांचीं नांवें मीं भोईबाबांच्या तोंडून लिहून घेतलीं, तेव्हां मला अमरकोशाची आठवण झाली. इतकीं नांवें, आणि प्रत्येकांत कांहीं एक लक्षण! कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानेंहि आमच्या मच्छीमारांचींच नांवें उचललीं. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेल्या खडशीचें त्यानें ‘खुद्री’ केलें, मळ्याचें ‘मुल्या’. आणि जगभरचे शास्त्रज्ञ आज तींच नांवें लॅटिनच्या पंक्तीस बसवून लिहितात. खडशी म्हणजे आपला महासीर. लोणावळ्यानजीक वळवण येथें टाटांच्या धरणाकांठीं तिचें बीज तयार करण्याचें काम १९७० नंतर सुरू झालें. आमच्या डोहांत ती मला अजून दिसलेली नाहीं.

गळ टाकून बसलेल्या माणसाला नदी हळूहळू विसरते, आणि मग ती आपला संसार पुढें चालूं करिते. काळापांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागीं पंख फडफडवीत थांबतो व दगडासारखा सरळ कोसळतो. चारांतून तीनदां त्याची चोंच रिकामी असते, असें मी पाहिलें आहे, आणि तें पाहून मला धीर आला आहे. पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसतात. विरोळा साप तोंडांत आडवा मासा धरून कांठाला लागतो. सहा वर्षांत दोनदांच मला ऊद दिसले. हें नांव संस्कृत ‘उद्र’ या शब्दाचेंच रूप आहे. पुस्तकांतून हल्लीं पाणमांजर लिहितात, पण मांजराशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. दुसऱ्या वेळीं ते पांच होते. शिट्टीसारखा आवाज करीत ते डोहाच्या वरच्या अंगानें आले, माशांना घेराव घालून त्यांनीं कांठाकडे रेटलें, आणि एकानें पाण्यावर उताणें होऊन, दोन्ही पंजांत मासा धरून, काकडी खावी तसा तो डोक्याकडून खाल्ला. भोईबाबांनीं काठी गुंडाळली. ऊद आल्यावर त्या डोहांत तासभर कोणीं गळास लागत नाहीं, हें एक कारण. दुसरें त्यांनीं सांगितलें तें असें कीं, ‘त्यांची पाळी आली, आपली सरली.’ याच उदांनीं त्यांचें जाळें पूर्वी फाडलेलें आहे.

मगरीची गोष्ट वेगळी. तिच्याशीं पाळी ठरवितां येत नाहीं. भिलवडी–सांगलीच्या टापूंत कृष्णेंत मगरी आहेत हें सर्वांस ठाऊक आहे, आणि माणसें दगावलेलींहि आहेत. थंडींत ती ऊन खात कांठावर पडलेली असते तेव्हां दिसते तरी. भय तिचें नाहीं, न दिसणारीचें आहे. म्हणून पाण्याच्या अगदीं कडेला बसूं नये, उंच दरडीवर बसावें. रोज त्याच जागीं वांकून हात धुवूं नयेत, कारण जागा व वेळ शिकण्याची कला माशापेक्षां तिला अधिक साधते. मासा कांठावर चिरून आंतडीं पाण्यांत फेकूं नयेत. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत कांठच्या मऊ मातींत ती अंडीं घालते व जवळच राखण करिते. पिलें पावसाच्या तोंडाशीं निघतात. त्या दिवसांत तशा जागीं फिरकूंच नये.

आतां मरळीविषयीं. मरळीला हवा घेण्यासाठीं मधून मधून वर यावें लागतें, म्हणून ती सांपडण्यास सोपी. विणीच्या काळांत नर व मादी दोघेहि पिलांची राखण करितात. तांबूस पिलांचा दाट थवा पाण्याच्या वरच्या थरांत उकळीसारखा हलतांना दिसतो, आणि त्याच्या खालीं आईबाप असतातच. अशा वेळीं थव्यावर बेडूक लावलेला गळ टाकला कीं मरळ तत्काळ झडप घालते. भुकेनें नव्हे, राखणीसाठीं. नवशिके यास आपलें कौशल्य समजतात. आईबाप गेले कीं इतर मासे पिलें फस्त करितात. भोईबाबा थवा पाहिला कीं काठी उचलून वीस पावलें पुढें जातात. मला पहिल्यांदा म्हणाले, ‘मास्तर, तिला पोरं हाईत. हितं न्हाई.’ चिलापीस मात्र त्यांच्यापाशीं दयामाया नाहीं. हा आफ्रिकेंतला मासा १९५२ सालीं आपल्या देशांत आणला गेला, आणि आतां जाळें टाकावें तों तोच. तिची मादी अंडीं व पिलें तोंडांतच वागविते. तरीहि तिला बारा महिने गळ, असा त्यांचा निकाल आहे. याचें समर्थन मला करितां आलेलें नाहीं, पण नदी पाहून तो पटतो.

सर्वांत कठीण नियम चढणीच्या माशांचा. मृगाचा पाऊस जोरानें कोसळून ओढे गढूळ वाहूं लागले कीं नदींतले मासे अंडीं घालण्यास प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत, तेथून थेट शेताच्या पाण्यांत चढतात. एका वेताच्या पाण्यांत ते कुशीवर आडवे होऊन सरकतात. टोपलीनें उपसावे इतके. माझे विद्यार्थी शाळा चुकवून यासाठींच जात. अशोकानें आपल्या स्तंभलेखांत चातुर्मासीच्या पौर्णिमांस व लगतच्या तिथींस मासे मारूं नयेत व विकूं नयेत, असें कोरून ठेविलें. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यंत्रनौकांस १ जून ते ३१ जुलैपर्यंत समुद्रांत मासेमारीची बंदी असते. घरोघरचा श्रावण मात्र, माझ्या मतें, उशिरा येतो. आषाढी अमावास्येस जो तो पोटभर मासा खाऊन मग व्रतस्थ होतो, तोंवर चढण होऊन गेलेली असते. भोईबाबांच्या वडिलांच्या वेळीं पहिल्या पुराचे चार दिवस जाळें खुंटीवरच राही. पाळणारे हात आतां थोडे उरले आहेत.

असें असतां मार्च २०२३ मध्यें सांगलीनजीक अंकली येथें कृष्णेंत माशांचा खच पडला. असे प्रकार नदींत सांडपाणी मिसळून पूर्वीहि वारंवार झाले आहेत. आमच्या गांवापासून तें ठिकाण खालच्या अंगास आहे. तरी भोईबाबा नातवाबरोबर पाहून आले. परतल्यावर दोन दिवस ते घाटाकडे फिरकले नाहींत. तिसऱ्या दिवशीं मीच त्यांच्या दारीं गेलों. ते म्हणाले, ‘मास्तर, पोरवाली मरळ आमी सोडायची, चढणीला जाळं आमी नाय टाकायचं. आन् ह्ये एका रातीत? मग नातवाला काय म्हणून शिकवूं?’ तीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याचा माझा धंदा. त्यांच्या ओट्यावर मी बराच वेळ बसलों, चहा घेतला, आणि उठून आलों.

त्या वर्षीं पाऊस उशिरानें आला. ओढा भरला त्या सकाळीं त्यांचा नातू टोपली घेऊन पाण्यांत उभा होता आणि भोईबाबा बांधावर बसले होते. ते त्याला ‘जा’ म्हणाले नव्हते, ‘नको’हि म्हणाले नव्हते. मुलानें अर्धी टोपली भरून आणली. भोईबाबांनीं ती मांडीपाशीं ओढून एकेक मासा हातांत घेतला, पोटावरून अंगठा फिरविला, आणि फुगीर पोटाचे तेवढे मागें ओढ्यांत सोडले. नातू काठावर बसून किती जातात तें मोजीत होता. उरलेले बाजारांत एकशें साठ रुपयांस गेले.