इर्शाळवाडी, मोबाईल आणि आम्ही

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी झोपेतच गाडली गेली. सकाळी चहा घेता घेता आम्ही मोबाईल उघडला, तो पुढले चार दिवस जवळजवळ हातातून सुटलाच नाही.

आम्ही पडलो सामाजिक कार्यकर्ते. अशा प्रसंगी माहिती ठेवणे हे आपले कर्तव्यच, अशी आमची समजूत. कचेरीत व्हाऊचर तपासताना एक डोळा फेसबुकवर, लोकलमध्ये व्हॉट्सअॅप, रात्री अंथरुणात पुन्हा तेच. वाडीला गाडीरस्ता नाही, यंत्रे वर चढत नाहीत, जवान आणि गावकरी हातांनीच माती उपसत आहेत, हे सारे तोंडपाठ झाले होते. तरी बोट थांबत नव्हते. एक चित्रफीत आम्ही वीस जणांना पाठवली. ती दुसऱ्याच राज्यातल्या जुन्या दरडीची निघाली. एका मित्राने ते दाखवून दिले, तर उलट त्याच्यावरच चिडलो.

आमचे घर कळव्याला, डोंगराच्या पायथ्याशी. नऊ वर्षांची मुलगी आमच्या खांद्यावरून सारे पाहत होती, हे आमच्या गावीही नव्हते. तिसऱ्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला, तेव्हा तिने दप्तर उचलून उशाशी ठेवले आणि विचारले, "पप्पा, आपला डोंगर पण पडेल का?" आम्ही मोबाईलवरून नजर न काढता म्हणालो, "झोप गुपचूप!" वाचकहो, तो शब्द आजही बोचतो.

रविवारी, २३ जुलैला, शोधकार्य थांबले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. त्याच सायंकाळी वस्तीत मदत गोळा करण्यासाठी बैठक होती. आकडे आम्हाला पाठ, पण अंगात उठण्याचे बळ नव्हते. डोके दुखते असा निरोप पाठवला. गेल्या त्या आमच्या घरच्या मंडळी, ज्यांनी एकही चित्रफीत पाहिली नव्हती! रात्री अकरापर्यंत त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. सकाळी वर्तमानपत्र, सायंकाळी रेडिओ, आणि मधल्या वेळात वडिलांसोबत घरोघरी धान्य मागणे. पोत्यांची तोंडे आम्ही सुतळीने बांधली. पूर्वीचे तेच चांगले असे आमचे म्हणणे नाही. आज मोबाईलमुळे मदतही तासाभरात हलते. पण तेव्हा दुःखाबरोबर हातांना काम मिळत असे.

पुढे आमच्या वाचनात आले की, २०१३ साली अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या मनावरील ताण तपासला. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज ६ तास वा अधिक वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. म्हणजे आमची डोकेदुखी अगदीच खोटी नव्हती. अर्थात, त्याने आमची गैरहजेरी भरून निघत नाही.

आता बातम्या सकाळी आणि सायंकाळी, दहा-दहा मिनिटे. चित्रफिती आपोआप सुरू होणे बंद केले आहे. त्याच पावसाळ्यात मुलीला घेऊन डोंगराकडेची संरक्षक भिंत पाहून आलो, तुंबलेल्या गटारासाठी महापालिकेत अर्ज दिला. अर्जावर सही तिनेही केली. गटार साफ झाले. तरी पावसाचा जोर वाढला की दप्तर अजून तिच्या उशाशी येते. आम्ही आता मोबाईल बाजूला ठेवून तिच्याजवळ बसतो.