आमचा मरून

आमच्या कॉलेजचा रंग मरून. झोनल स्पर्धांच्या संचलनात आमची मुलं त्याच रंगावरून ओळखली जावीत, एवढीच अपेक्षा. पण मी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झालो, तेव्हा कबड्डीची जर्सी विटकरीकडे झुकलेली, ट्रॅकसूट जांभळट आणि टोप्या जवळजवळ चॉकलेटी होत्या. प्रत्येक पुरवठादाराने मरूनच दिला होता. एका रांगेत उभी राहिली की मुलं चार कॉलेजांची वाटत.

माझा एक माजी विद्यार्थी इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये आहे. त्याच्याकडे जर्सी, टी-शर्ट असे सगळे कपडे घेऊन गेलो. त्याने ते लाइट बॉक्समध्ये ठेवले. दिवसाच्या उजेडाचा दिवा, ज्याला ते डी-६५ म्हणतात, त्याखाली जर्सी आणि टी-शर्ट बऱ्यापैकी जुळत होते. दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा टीएल-८४ लावला आणि टी-शर्ट एकदम तपकिरी दिसू लागला. “सर, शेड कधीच एका दिव्याखाली पास करू नका,” तो म्हणाला.

मग त्याने कारण समजावलं. जर्सी पॉलिस्टरची, तिला डिस्पर्स रंग लागतात आणि ते दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला बसतात. टी-शर्ट सुती, त्याला रिअ‍ॅक्टिव्ह रंग, साधारण ६० अंशांना. रसायनच वेगळं, त्यामुळे प्रत्येक कापडावर शेड नव्याने जुळवावी लागते. सब्लिमेशनच्या जर्सीची तर गोष्टच निराळी: पांढऱ्या पॉलिस्टरवर कागदावरची छपाई सुमारे २०० अंशांच्या उष्णतेने उतरवतात. आणि सगळं जुळलं तरी पुढच्या लॉटमध्ये थोडा फरक पडतोच.

अमेरिकेतली विद्यापीठं म्हणूनच रंगाला नुसतं नाव देऊन थांबत नाहीत. टेक्सास विद्यापीठाचा ‘बर्न्ट ऑरेंज’ म्हणजे पँटोन या रंगक्रमांक पद्धतीतला १५९. आम्हीही पँटोनच्या कापडी शेड कार्डातून एक क्रमांक ठरवला. तो प्राचार्यांच्या सहीने फाइलला लागला, सोबत पॉलिस्टर आणि सुती कापडाचे मंजूर तुकडे. कोटेशन मागवतानाच अट घातली: आधी लॅब डिप, म्हणजे रंगवलेला छोटा नमुना, दाखवा; मंजुरीनंतरच कापड रंगवा, आणि एका संघाचे सगळे कपडे एकाच लॉटमधून शिवा.

तरीही एक धडा बाकी होता. व्हॉलीबॉलच्या जर्सीवरचे पांढरे नंबर थोड्याच दिवसांत गुलाबी पडले. पुरवठादार धुण्याला दोष देत राहिला. खरं म्हणजे छपाई सुकवताना जास्त उष्णता दिली की पॉलिस्टरमधला रंग सुटून वरच्या शाईत चढतो. खाली रंग अडवणारा थर द्यायचा आणि कमी तापमानाला सुकणारी शाई वापरायची, हा त्यावरचा उपाय. आता तेही अटींमध्ये आहे.

हे सगळं थोडं महाग पडतं आणि सर्वांत कमी दराचं कोटेशन हातचं जातं. खरेदी समितीत त्यावरून दरवर्षी वाद होतो. मी मागे हटत नाही. आमच्या बऱ्याच मुलामुलींच्या अंगावर आलेला तो पहिला नवा ट्रॅकसूट असतो. तो शेजारच्या खेळाडूपेक्षा वेगळा दिसू नये, एवढा त्यांचा हक्क आहे.

माझ्या क्रीडाशिक्षक मित्रांना एकच विनंती. ऑर्डरवर नुसतं ‘मरून’ किंवा ‘नेव्ही ब्लू’ लिहू नका. मोबाइलवरच्या फोटोवरून तर शेड मुळीच पास करू नका. कापडाचा तुकडा जोडा, त्यावर सही करा आणि माल आला की तो उन्हात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे त्याच तुकड्याशी ताडून घ्या.