दाव नसलेला पट

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत ज्या घरात अद्याप टिकून आहे, त्या घराला इतरांपेक्षा एक मोठी संध्याकाळ अधिक लाभते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास ताटे उचलली जातात, स्वयंपाकघर आवरले जाते आणि निजेपर्यंत तीन तास मोकळे राहतात. पूर्वीच्या पिढीने ते तास स्वाध्यायाला, शेजारपाजाऱ्यांना आणि मुलांना दिले. आज त्याच तासांत एकाच छताखाली पाच माणसे पाच पडद्यांकडे पाहत बसलेली दिसतात. रीत पाळली जाते, परंतु तिने मोकळी करून दिलेली वेळ हातातून निसटून जाते.

सांगलीत हळदीची आडत असलेल्या एका घराची ही हकीकत आहे. घरात वडीलधारे अण्णा, आज्जी, मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि साडेचार वर्षांची नात. रविवारी पेढी बंद असल्यामुळे सर्वजण एकत्र जेवत. परंतु जेवण होताच जो तो आपापल्या कोपऱ्यात जाई. सूनबाईंचे माहेर निपाणीकडचे. चातुर्मासाच्या लांब दुपारी त्यांच्या आजीने ओसरीवर खडूने पंचवीस घरांचा पट आखावा, चार कवड्या टाकाव्यात आणि नाती-सुनांनी भोवती कोंडाळे करून चौकाबारा खेळावा, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. सासरी मात्र फासे, पत्ते आणि कवड्या या तीन वस्तूंना उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता.

या बंदीला कारण होते. अण्णांचे थोरले बंधू बाजारात हुशार म्हणून ओळखले जात. हळदीच्या वायद्यात एका हंगामात त्यांना मोठा नफा झाला आणि त्यानंतर माल न पाहता भावावर बोली लावण्याची त्यांना चटक लागली. दोन वर्षांत सारे गेले. पेवांत भरलेली हळद दुसऱ्याच्या नावे झाली, आईच्या पाटल्या सराफाकडे गेल्या आणि देणे फेडता फेडता अण्णांची अकरा वर्षे सरली. बंधू त्या धक्क्यातून सावरले नाहीत. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहू लागला. दोन घरांमधले येणेजाणे वर्षातून एकदा क्षमावाणीच्या दिवसापुरते उरले आणि तेही हात जोडून उंबऱ्यावरूनच परतण्याइतके. अण्णांनी त्या वेळी घातलेला नियम चाळीस वर्षे कोणी मोडला नाही.

तो नियम मोडला गेला आहे, हे कळले ते एका क्षुल्लक मागणीने. नातवाने आईकडे नव्व्याण्णव रुपये मागितले. कशासाठी, असे अण्णांनी विचारल्यावर त्याने निःशंकपणे मोबाइल पुढे केला. पडद्यावर रंगीत चाक फिरत होते आणि काटा थांबेल तेथे नाणी पडत होती.

“हे चाक कोण फिरवतो?”

“मीच, आज्जा.”

“आणि काटा भलतीकडे थांबला तर?”

“मग नाणी जातात. संपली की विकत घ्यायची.”

अण्णांनी मोबाइल परत दिला आणि काही बोलले नाहीत. ज्या गोष्टीसाठी चाळीस वर्षे दरवाजा लावून ठेवला होता, ती खिडकीतून आत येऊन नातवाच्या मांडीवर बसली होती. दुसऱ्या दिवशी पेढीवर जाण्यापूर्वी त्यांनी आपण होऊन विषय काढला.

“सूनबाई, तुमच्या माहेरी पट मांडायचे म्हणता. त्यात दाव काय असायचा?”

“काहीच नाही अण्णा. हरलेल्या बाईनं सोंगट्या गोळा करून डब्यात भरायच्या, एवढंच.”

या उत्तरात एक जुना भेद दडलेला आहे. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते आणि व्यापारी घरांना त्याची धास्ती वाटावी हे योग्यच आहे. परंतु द्यूत म्हणजे फासा नव्हे. फाशावर लावलेला दाव म्हणजे द्यूत. दुसऱ्याचे गेले तरच आपल्याला मिळणार, ही इच्छा त्याच्या मुळाशी असते. दाव काढून घेतला की उरतो तो केवळ योग. त्या योगाशी शांतपणे वागायला शिकणे हा शिक्षणाचाच एक भाग आहे. जैन परंपरेने तर याच पटाचा उपयोग बोधासाठी केला. ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड या नावाने ओळखले जाणारे, कापडावर रंगविलेले जुने जैन पट आजही पाहावयास मिळतात. त्यांची घरे बहुधा चौऱ्याऐंशी असतात. सत्कर्माच्या शिड्या वर नेतात, दुष्कर्माचे साप खाली आणतात आणि सर्वांत वर सिद्धशिला असते. पर्युषणाच्या दिवसांत हा खेळ मांडला जाई. त्यात कोणी कोणाचे काही हिरावून घेत नाही. शेजारचा वर पोहोचला म्हणून आपला मार्ग बंद होत नाही. याच पटाचे बोधापासून सुटलेले रूप पुढे इंग्लंडमध्ये गेले आणि सापशिडी म्हणून छापील पुठ्ठ्यावर जगभर पोहोचले.

अण्णांनी संमती दिली. मात्र कवड्यांऐवजी चिंचोके असावेत आणि खेळ एका मुहूर्ताचा, म्हणजे ४८ मिनिटांचा असावा, असे सांगितले. सामायिकाला जेवढा वेळ, तेवढाच खेळाला. तेवढ्या वेळासाठी घरातले सर्व मोबाइल धान्याच्या रिकाम्या पितळी डब्यात ठेवावयाचे ठरले. त्यात अण्णांचाही होता.

पहिल्या रविवारी बाजारातून आणलेली शंभर घरांची सापशिडी मांडली गेली आणि फसली. नातीला वीसच्या पुढे मोजता येत नव्हते. नव्वदीच्या घरातून सापाने तिला खाली आणले तेव्हा ती पट सोडून आज्जीच्या पदराआड गेली. मोठ्यांचा खेळ जसाच्या तसा लहानांपुढे ठेवणे म्हणजे मोठ्याचे जोडे लहानाच्या पायात घालणे होय. चालता येत नाही आणि दोष पायांना दिला जातो.

मग आज्जी आणि सूनबाई यांनी जुन्या रोजमेळाचा पुठ्ठा घेऊन त्याच्या मागच्या बाजूवर तीस घरांचा पट आखला. शिड्या पाच ठेवल्या. सापांच्या जागी तीन घसरगुंड्या आल्या आणि एकही घसरगुंडी चार घरांहून लांब ठेवली नाही. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली या कंपनीने सापशिडी काढली, तेव्हा तेथेही सापांच्या जागी घसरगुंड्याच आल्या होत्या. हे सूनबाईंना ठाऊक नव्हते, त्यांना नातीचा चेहरा तेवढा ठाऊक होता. फाशाऐवजी तीन अर्धे चिंचोके घेतले. जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितकी घरे जायचे, आणि तिन्ही पालथे पडले तर पुन्हा टाकायचे. तीनच्या पुढे मोजण्याची गरजच उरली नाही. घरांवर काय लिहावे याचा विचार झाला, तेव्हा पूजनीय नावे पटावर नकोत, त्यांवरून सोंगट्या फिरणार, असे आज्जींनी सांगितले. म्हणून मुलांच्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टी आल्या. मुंगीला वाट दिली, तेथे शिडी. नळ उघडा ठेवला, तेथे घसरगुंडी. ताटात अन्न टाकले, तेथे सर्वांत लांब घसरगुंडी, हे नातवाने सुचविले. ते कोणाला उद्देशून होते हे बहिणीला लगेच कळले.

लहानांचा खेळ सोपा करण्याची ही कला जगात अनेकांनी अशीच गरजेतून शोधली आहे. कँडी लँड हा प्रसिद्ध खेळ एलिनॉर अ‍ॅबट या शिक्षिकेने अमेरिकेत सॅन दिएगो येथे पोलिओग्रस्त मुलांसाठी रचला. तो १९४९ साली बाजारात आला. त्यात मोजावे लागत नाही की वाचावे लागत नाही; पत्त्यावरचा रंग ओळखला की पुढे जाता येते. जर्मनीत १९८६ साली निघालेल्या ‘फळबाग’ या अर्थाच्या नावाच्या खेळात तर मुले एकमेकांशी स्पर्धाच करीत नाहीत. कावळा बागेत पोहोचण्यापूर्वी सर्वांनी मिळून फळे तोडावयाची असतात. सारे एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात.

ही दुसरी कल्पना कोणीतरी सांगितली आणि ती या घराला आपलीशी वाटली. कारण वळवाचा ढग ही हळदीच्या व्यापाऱ्याची जुनी धास्ती. चिंचोक्यांना पिवळा रंग देऊन त्यांची बारा पोती झाली. अंगण आणि गोदाम आखले. सुताराकडून एक लाकडी ठोकळा आणून त्याच्या तीन बाजू पिवळ्या, एक हिरवी आणि दोन निळ्या रंगविल्या. पिवळी बाजू पडली की एक पोते गोदामात, हिरवी पडली की दोन. निळी पडली की ढग एक घर पुढे. ढग चार घरे चालला की पाऊस पडला. सर्व पोती त्याआधी आत आली पाहिजेत.

पहिले तिन्ही डाव पावसाने नेले. नात रडली, मुलगा हसला आणि नातू विचारात पडला. त्याने वही घेतली. सहा वेळा ठोकळा टाकला तर सरासरीने पाच पोती आत येणार आणि ढग दोन घरे सरकणार. बारा पोत्यांना चौदा-पंधरा वेळा टाकावे लागणार. तेवढ्यात ढग जवळजवळ पाच घरे चालणार. “मग चार घरांत आपण जिंकणार कसे? सात घरे पाहिजेत. तरी कधीकधी हरूच,” असे म्हणून त्याने वही अण्णांपुढे धरली.

अण्णांनी चष्मा लावून तो हिशेब दोनदा तपासला. वही खाली ठेवून ते बराच वेळ बसून राहिले.

“थोरल्यांनी असा एक कागद कधी मांडला नाही,” ते आज्जींना म्हणाले. “आज हिरवी पडली म्हणजे उद्याही हिरवीच पडणार, असं त्यांना वाटायचं.”

चाळीस वर्षांत थोरल्यांचा उल्लेख त्या घरात रागाशिवाय झाला, तो हा पहिलाच. नातवाला त्यातले काही उमगले नाही. परंतु मोबाइलवरील चाकाच्या बाजू मोजता येत नाहीत, म्हणून त्याचा हिशेब मांडता येत नाही, असे त्याने आपण होऊन सांगितले. तेव्हापासून तो खेळ पूर्णपणे सुटला असे नव्हे. पैशांची मागणी मात्र पुन्हा झाली नाही.

एक प्रश्न आणखी उरला होता. तीस घरांच्या पटावर अण्णा नातीपुढे मुद्दाम हरत. चिंचोके तीन पांढरे पडले तरी दोन घरे चालत. एके दिवशी तिने बोट ठेवून मोजले आणि “आज्जा, तू खोटं खेळतोस,” असे सर्वांदेखत सांगितले. वजनात कधी खोट न केलेल्या माणसाला हा शब्द लागला. सूनबाईंनी मार्ग काढला: लहानाने पाच घरे पुढून सुरुवात करावी, मोठ्याने पहिल्या घरापासून, आणि त्यानंतर सर्वांनी खरे खेळावे. व्यापाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. पावतीवर लिहिलेली सूट आणि तराजूला लावलेले बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघड दिलेल्या सवलतीत लहानाचा मान राहतो. लपवून दिलेल्या विजयात त्याची फसवणूक होते आणि ती मुलांना मोठ्यांच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर कळते. शिवाय घरात, मायेच्या माणसांमध्ये हरून पाहिलेले मूल पुढे बाजारात हरले तरी मोडून पडत नाही. हरणे चार माणसांत बोलून दाखविता येते, हे त्याने पाहिलेले असते. थोरल्या बंधूंनी पहिला तोटा लपविला होता. दुसरा तो भरून काढण्यासाठी झाला.

असा पट मांडण्यासाठी कोणत्याही घराला फार काही लागत नाही. जुना पुठ्ठा, रंग, मूठभर चिंचोके आणि वेळेची मर्यादा पुरे होते. घरातील सर्वांत लहान मुलाला जेवढे मोजता येते, तेवढाच फासा असावा. डाव पंधरा मिनिटांत संपावा, म्हणजे हरलेल्याला त्याच संध्याकाळी पुन्हा संधी मिळते. नियम खेळापूर्वी ठरावेत, खेळताना बदलू नयेत. मोठ्या मुलाला नियम रचण्याचे काम द्यावे, म्हणजे लहानांचा खेळ त्याला कंटाळवाणा होत नाही.

मागील फाल्गुनात, यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झाली त्या आठवड्यात, अण्णांनी दोन गल्ल्या पलीकडे पुतण्याला स्वतः फोन केला. बोलणे अर्ध्या मिनिटाचे झाले. “रविवारी पोरांना घेऊन ये. जेवायलाच ये, पाच वाजता,” एवढेच ते म्हणाले. पलीकडून काय उत्तर आले हे घरात कोणी विचारले नाही. फोन ठेवून अण्णांनी नातवाला हाक मारली आणि सोंगट्या किती आहेत ते पाहावयास सांगितले. दोन कमी पडत होत्या. नातू चिंचोके रंगवावयास बसला.