घरघर वजा करताना

देवगिरीच्या यादवराजा सिंघणाच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा अधिकारी होता, ‘संगीतरत्नाकर’ त्याचाच. जमाखर्च पाहणाऱ्याने नादाचे शास्त्र लिहावे, ही आपणा व्यापाऱ्यांना सुखावणारी गोष्ट आहे. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी, दौलताबादेत, आमच्या दुकानामागील खोलीत या चातुर्मासात जे चालले आहे तेही मुख्यतः हिशेबाचेच काम आहे.

आईचे वय 84. तिच्या सासूकडून आलेली पार्श्वप्रभूंची सहा स्तवने तिला मुखोद्गत आहेत. आमच्या घरातील एकाही संग्रहात ती छापलेली नाहीत. आता तिचा श्वास एकदोन कडव्यांपुरताच पुरतो, तोही सकाळी, जपानंतर. पुतण्याने ती ध्वनिमुद्रित करण्याचे मनावर घेतले. साथीला त्याची इलेक्ट्रिक गिटार. तिचे चार स्वर लॅपटॉपमधील लूपरवर फिरत ठेवायचे आणि त्यांवर आईने गायचे. तारा आतड्याच्या नाहीत ना, हे आईने आधी विचारून घेतले. त्या पोलादाच्याच लागतात. पिकअपच्या चुंबकाला दुसरी तार कळतच नाही.

अडचण घरघरीची होती. पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. ते जसे तारेचे कंपन टिपतात, तसे घरातील 50 हर्ट्‌झच्या विजेचे क्षेत्रही टिपतात. लूपरवर सुरांचा थर चढतो तसा गोंगाटाचाही चढतो. चार थरांत साधी खरखर दुप्पट होते. विजेची घरघर नेमकी जुळली तर चौपट. रोजकीर्दीतील चूक खतावणीत उतरावी, तसेच हे. आईचा क्षीण स्वर त्याखाली बुडत असे.

एका सकाळी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि घरघर जवळजवळ नाहीशी झाली! वीज आल्यावर पुतण्याने एकेक बटण लावून पाहिले. ट्यूबलाइटचा जुना चोक, पंख्याचा रेग्युलेटर, चार्जर, प्रत्येकाचा वाटा वेगळा निघाला. मुद्रणापुरते ते बंद ठेवले. कोणीतरी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. त्याने घरघर थांबते खरी, पण शॉक बसून माणूसही जाऊ शकतो. कोणीही हे करू नये.

उरलेली घरघर हंबकर पिकअपने घालवली. 1955 मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी तो रचला. दोन कॉइल उलट दिशांनी गुंडाळलेल्या, त्यांचे चुंबकही उलट. सुरांची बेरीज होते, घरघरीची वजाबाकी. शिवाय वायर आखूड, चांगल्या जाळीच्या आवरणाची, आणि आवाज पहिल्याच टप्प्यावर पुरेसा मोठा घेतलेला. नॉइज गेट मला पटला नाही. तो स्वरांमधली शांतता स्वच्छ करतो, परंतु विरत जाणारा स्वरही तोडतो.

चार स्तवने झाली, दोन राहिली. आता मुद्रणात आईचा श्वास घेण्याचा आवाज स्पष्ट येतो. पुतण्या तो पुसणार होता. मी म्हटले, राहू दे.