शोध एका डब्याचा

सुट्टीहून परतणाऱ्या आखाती मराठी माणसाच्या बॅगेत काय असते, हे आता सांगायला नको. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचे पीठ, दोन-तीन दिवाळी अंक आणि कोणीतरी कोणासाठी तरी दिलेले एक पुडके. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी व्हिजिट व्हिसावर मिरजेहून आमच्याकडे आले ते यातले काहीही न घेता. त्यांच्या केबिन बॅगेत होत्या एकोणतीस ग्रामोफोन रेकॉर्डी. अठरा एल.पी. आणि अकरा जुन्या, ७८ च्या. दर दोन रेकॉर्डींच्या मध्ये एक पंचा. "लाखेच्या आहेत, सामानात टाकल्या तर पापडासारख्या मोडतील," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. भाजणी राहिली म्हणून आमच्या सौ. दोन दिवस जरा गप्पच होत्या.

आम्ही राहतो ते खमीस मुशैत हे गाव सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येला, असीरच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. 'खमीस' म्हणजे गुरुवार. गुरुवारच्या बाजारावरून पडलेले हे नाव, आपल्याकडच्या बुधवार-शुक्रवार पेठांसारखे. हवा इतकी छान, की वाळवंटाच्या कल्पनेने आलेले पाहुणे पहिल्याच संध्याकाळी स्वेटर मागतात. मात्र रेकॉर्ड वाजवायचे सामान कानाने पारखून घ्यावे असे दुकान माझ्या तरी पाहण्यात नाही. जे घ्यायचे ते कागदावर अभ्यास करून मागवायचे. त्यातून मी पडलो इंजिनियर. अमेरिकेत एम.एस. करताना एक गोष्ट अंगवळणी पडली, की वस्तू घेण्याआधी ती नेमके काय काम करते ते लिहून काढायचे. तर ही त्या लिहून काढण्याची हकीगत.

टर्नटेबल माझ्याकडे होते. प्रश्न होता टर्नटेबल आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये लागणाऱ्या 'फोनो प्रीअँप' नावाच्या छोट्या डब्याचा. किंमत ऐकून सौ.नी विचारले, "एवढासा डबा, आणि तो करतो काय?" अण्णांचा प्रश्न जास्त अवघड होता. "आपल्या मिरजेच्या प्लेअरला असला डबा कधी लागला नाही. मग तुझ्या महागाच्या यंत्रालाच का लागतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन यंत्रे झाली. आजीचा चावीचा ग्रामोफोन होता. त्याला वीजच नव्हती. सुई थरथरायची, तिची थरथर पडद्याला लागायची आणि आवाज कर्ण्यातून बाहेर पडायचा. अण्णांचा प्लेअर विजेवर चालणारा, झाकणातच स्पीकर असलेला. त्याच्या सुईमागे सिरॅमिकचा तुकडा असे. तो दाबला-वाकवला की शेकडो मिलिव्होल्ट वीज तयार होई आणि त्याच्या स्वभावानेच खर्ज आणि वरचे सूर बऱ्यापैकी समतोल निघत. म्हणून मधला डबा लागत नसे. पण ती सुई रेकॉर्डवर जड बसायची आणि एल.पी.च्या खाचा झिजवायची. आताच्या हलक्या सुईमागे असते चिमुकले लोहचुंबक. ते दोन ग्रॅमच्या भारावर अलगद चालते, मात्र त्यातून वीज निघते जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. ती शंभरपट केली तेव्हा कुठे अर्ध्या व्होल्टच्या आसपास पोचते. हे डब्याचे पहिले काम.

दुसरे काम जास्त महत्त्वाचे. खर्जाच्या सुरांना सुई जास्त हलावी लागते. ते जसेच्या तसे कोरले तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल आणि एका बाजूवर पाच-सात मिनिटेच मावतील. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात. वरचे सूर मुद्दाम वाढवतात, म्हणजे वाजवताना ते पुन्हा खाली आणले की त्यांच्याबरोबर रेकॉर्डची खरखरही खाली बसते. सौ.ना मी सांगितले, की हे बॅगेत नऊवारी भरण्यासारखे आहे. जागेसाठी घडी घालायची, पण नेसताना ज्या क्रमाने घातली त्याच्या उलट क्रमाने उलगडायची. घडी कशी घालायची याचा नियम अमेरिकेतल्या 'आर.आय.ए.ए.' या रेकॉर्ड कंपन्यांच्या संस्थेने १९५४ साली ठरवला आणि पुढे तो जगाने मानला. वाजवताना अगदी खालचा २० हर्ट्झचा सूर मधल्या सुरांच्या मानाने सुमारे नऊपट वाढवायचा आणि अगदी वरचा २० हजार हर्ट्झचा तितकाच खाली आणायचा. डब्याची किंमत असते ती हे उलगडणे किती काटेकोर होते आणि होताना त्यात स्वतःची गुणगुण किती कमी मिसळते याची.

गुणगुण म्हटले की सौदी वीज आली. इथली वीज ६० हर्ट्झची, भारतातली ५०. अण्णा त्यांचा जुना प्लेअरही आणणार होते, पण फोनवरच मी हिशेब मांडून दाखवला. त्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, त्यामुळे इथे ३३⅓ ची एल.पी. मिनिटाला ४० फेरे घेईल. काळी एकमध्ये गाणारे बुवा पांढरी तीनच्याही किंचित वर चढतील. "म्हणजे पगार वाढला म्हणायचा," अण्णा म्हणाले आणि प्लेअर मिरजेतच राहिला. माझ्या टर्नटेबलचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर बांधलेला आहे, त्याला हर्ट्झची फिकीर नाही. प्रीअँपला मात्र आहे. शंभरपट वाढवणारा डबा भिंतीतल्या विजेची गुणगुणही शंभरपट वाढवतो. म्हणून टर्नटेबलची अर्थिंगची तार डब्याच्या स्क्रूला घट्ट लावायची आणि डबा राउटरपासून, ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवायचा. आवाजावरून दोषही कळतो. ६० हर्ट्झची जाड गुणगुण बहुधा तारांच्या जोडणीची असते, १२० हर्ट्झची जरा चिरकी गुणगुण डब्याच्या स्वतःच्या वीजपुरवठ्याची.

एवढे समजल्यावर अठरा एल.पी.चा प्रश्न सोपा होता. लोहचुंबकाच्या सुईला ४० डेसिबलचे, म्हणजे शंभरपटीचे, वर्धन पुरते. फिरत्या वेटोळ्याच्या, 'मूव्हिंग कॉइल' सुईला ६० लागते, पण ती आपल्याकडे नाही, तर तिचे पैसे कशाला भरा? आत शिरताना रोध ४७ हजार ओहम हवा, आणि डबा व वायर मिळून कपॅसिटन्स सुईच्या कंपनीने सांगितला आहे तेवढाच. माझ्या सुईला १०० ते २०० पिकोफॅरड. तो जास्त झाला तर वरचे सूर आधी टोचतात आणि मग एकदम नाहीसे होतात. हे सगळे टर्नटेबलच्या आतच बसवलेल्या साध्या प्रीअँपनेही बरे जमत होते. एका शुक्रवारी ऑफिसातला इजिप्शियन सहकारी उम्म कुलसुमची कैरोत निघालेली एल.पी. घेऊन आला. दोन्ही बाजू मिळून एकच गाणे. त्यानंतर आम्ही कुमार गंधर्व लावले. दमदमला निघालेली रेकॉर्ड असो की कैरोची, घडी एकाच नियमाने घातलेली, त्यामुळे दोन्ही सारख्याच मोकळ्या झाल्या. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या आणि बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की नवा डबा घ्यायची गरजच काय?

गरज होती ती अकरा रेकॉर्डींसाठी. त्या आजीच्या. त्यांत हिराबाई बडोदेकरांच्या तीन. हिराबाई म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, जन्म मिरजेचाच, १९०५ चा. आजीला त्यांच्याबद्दल गावच्या माणसाचा अभिमान होता. अण्णांनी कॉलेजात असताना पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात हिराबाईंना समोर बसून ऐकलेले. ७८ ची खाच रुंद असते, एल.पी.ची सुई तिच्या तळाशी घरंगळते, म्हणून वेगळी जाड सुई मागवली. रेकॉर्ड लावली. अण्णा पुढे सरकून बसले, मान तिरकी केली आणि तीन मिनिटांनी म्हणाले, "सूर येतोय. शब्द कळत नाहीत. आता कानच गेले माझे, तुझ्या यंत्राचा काय दोष!" त्या दिवसापासून त्यांनी ७८ च्या रेकॉर्डींना हातच लावला नाही.

अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर. कानाची तपासणी आधीच झाली होती. आलेख तीन हजार हर्ट्झच्या पुढे उतरतो, या वयात बहुतेकांचा उतरतो तसाच. स, श, च, त, क ही अक्षरे कळतात ती मुख्यतः याच वरच्या भागातून. म्हणून म्हाताऱ्या माणसांना आवाज ऐकू येतो पण बोलणे कळत नाही. डॉक्टरांनी यंत्र सुचवले होते, अण्णांनी ते उडवून लावले होते.

मला मात्र संशय आला की दोष सगळा कानाचा नाही. १९५४ चा नियम १९५४ च्या आधीच्या रेकॉर्डींना कसा लागू होईल? १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण आले, त्याआधी तर गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि कोणतीही घडी घालण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. एच.एम.व्ही.च्या पालक कंपनीत, ई.एम.आय.मध्ये, साधारण २५० हर्ट्झच्या खाली खर्ज कमी करत आणि वरच्या सुरांना हात लावत नसत. अशी रेकॉर्ड आजच्या डब्यातून वाजवली, तर जे कधी वाढवलेच नव्हते ते डबा इमानेइतबारे कमी करतो. चार हजार हर्ट्झला निम्म्याहून कमी, दहा हजारला जवळजवळ पाचवा हिस्सा. खर्ज मात्र दीडपटीहून जास्त फुगवतो. म्हणजे अण्णांचे कान जिथे उणे, नेमके तिथेच डबाही उणे करत होता!

मग निवडीची यादी बदलली. सोनेरी सॉकेट, व्हॉल्व्हचा उबदार उजेड, जाडजूड अॅल्युमिनियमची पेटी हे सगळे कापले. घेतला तो दिसायला अगदी रुक्ष डबा, पण त्यावर तीन गोष्टी आहेत. खर्ज कुठून वाढवायचा ते ठरवणारे एक बटण, वरचे सूर किती उतरवायचे ते ठरवणारे दुसरे (त्यावर 'शून्य' ही खूणही हवी), आणि तिसरे मोनोचे. ७८ च्या रेकॉर्डीत आवाज सुईच्या डावी-उजवीकडच्या हालचालीतच असतो, वर-खाली हलते ती नुसती धूळ आणि झीज. मोनोचे बटण दोन्ही बाजू एकत्र करते आणि ती वर-खालीची खरखर परस्पर खोडली जाते. साध्या डब्याच्या चौपट किंमत पडली. इथे सौ.नी एक अक्षरही काढले नाही.

डबा आला त्या संध्याकाळी वळवासारखा पाऊस आणि विजा होत्या, त्यामुळे सगळे प्लग काढून बसलो. दुसऱ्या दिवशी हिराबाईंची तीच रेकॉर्ड लावली. पहिले बटण २५० वर, दुसरे शून्यावर. खरखर एकदम वाढली, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. मी ती कमी करायला दुसरे बटण जरा फिरवले, तर अण्णा म्हणाले, "थांब, होतं तिथेच ने. शब्द आले होते." नेले. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, "आई याच्यापुढे एक ओळ म्हणायची, ती रेकॉर्डीत नाही. मला वाटायचं असेल, पण ऐकू येत नसेल." मग स्वतःच ती ओळ म्हटली. मुलीने ती फोनवर टिपली, न सांगता.

कान तरुण झाले असे नाही. जेवताना आजही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. यंत्राबद्दल "मिरजेला गेल्यावर बघू" इथपर्यंत गाडी आली आहे. पण रेकॉर्डींवरून आमच्यात रोज वाद होऊ लागले, आणि ते मला फार आवडले. कारण जुन्या रेकॉर्डीचे अचूक बटण लेबल वाचून अर्धेच सापडते. उरलेले, ज्याने तो गळा समोर बसून ऐकला आहे त्याला विचारावे लागते. मी आलेख दाखवायचो, अण्णा "हिराबाईंचा आवाज इतका टोकदार नव्हता" म्हणून बटण एक घर मागे घ्यायला लावायचे. १९९० साली मुंबईत नारायण मुलानी, डॉ. सुरेश चांदवणकर आदी मंडळींनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली आणि 'रेकॉर्ड न्यूज' नावाच्या अंकातून जुन्या तबकड्यांची माहिती नोंदवून ठेवायला घेतली. त्या खटाटोपाची किंमत मला या तीन महिन्यांत नीट कळली. तबकडी टिकते. ती ऐकलेला माणूस तितका टिकत नाही.

म्हणून ज्या वाचकांच्या गावच्या माळ्यावर रेकॉर्डी पडल्या असतील त्यांना एवढेच सुचवतो. डबा निवडण्याआधी रेकॉर्डी मोजा. नुसत्या एल.पी. असतील तर साधा, बिनगुणगुणीचा डबा पुरे. उरलेले पैसे चांगल्या सुईवर घाला. ७८ च्या असतील तर बटणांचाच घ्या. आणि आणखी पैसे असतील तर विमानाच्या तिकिटावर खर्च करा, वडीलधाऱ्यांना बोलवा.

आम्ही एक वही केली आहे. डाव्या पानावर माझ्या अक्षरात प्रत्येक रेकॉर्डीची बटणे, उजव्या पानावर अण्णांच्या अक्षरात शब्द आणि ती कोणी, कधी घेतली ते. व्हिसा संपेपर्यंत अकरापैकी आठ झाल्या. उरलेल्या तीन अण्णांनी परत नेल्या नाहीत. "इथेच ठेव," म्हणाले, "डिसेंबरात येतो."